एका खात्यावर दोघं

४ फेब्रुवारी

ही वही खरं तर पोटाची आहे. मोबाईलमधल्या त्या हसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज काय खाल्लं आणि पोट कसं वागलं ते लिहून ठेवा, मग शरीर स्वतःच बोलायला लागेल. म्हणून लिहिते. सकाळी चहा, पोट फुगलेलं. दुपारी वरणभात, पोट फुगलेलं. रात्री नुसतं दूध, तरी फुगलेलंच. माझ्या शरीराला एकच वाक्य येतं असं दिसतंय.

नवल याचं वाटतं, की मोबाईलला कळलं कसं? मी कोणाकडे चकार शब्द काढलेला नाही. ह्यांच्याकडे तर मुळीच नाही. ह्यांना सांगितलं की हे दुकान बंद करून मला दवाखान्यात नेऊन बसवतील, आणि त्या वसतिगृहाचे सगळे पडदे शिवायचे पडलेत. आमचं पडद्यांचं दुकान आहे. शिवणं माझं, मापं घेणं आणि रॉड बसवणं ह्यांचं. एवढे दिवस मोबाईलवर मी फक्त पडद्यांचे नमुने बघायची. गेल्या आठवड्यापासून आपोआप पोटाचे व्हिडिओ यायला लागले. आतड्याची निगा, शौचाच्या तक्रारी, अशक्तपणा. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात, हल्ली ते मोबाईलवर दिसतं.

लेक मागच्या खेपेला आली तेव्हा तिने आमच्या दोघांच्या मोबाईलला दुकानाचं एकच खातं लावून दिलं. बसवलेल्या पडद्यांचे फोटो दोघांना दिसावेत आणि पासवर्ड एकच लक्षात ठेवावा लागावा, हा तिचा विचार. तो एकही मी विसरले आहे.

हसरे डॉक्टर मला आवडले. पांढरा कोट, भरघोस केस, आणि बोलताना असं वाटतं की समोर बसून चहा घेतायत. म्हणतात, पोट आपला मित्र आहे, फक्त रुसलंय. घाबरायचं नाही.

९ फेब्रुवारी

आज दुसरीच एक आली. चष्मेवाली. केस घट्ट बांधलेले, मागे नुसती पांढरी भिंत, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. म्हणाली, शौचातून रक्त जात असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, जिना चढताना दम लागत असेल, तर मूळव्याध समजून गप्प बसू नका. वाट पाहू नका. तपासणी करून घ्या.

मला रक्तबिक्त काही नाही, दम लागायचं म्हणाल तर मी बसूनच असते, आणि वजन उतरलं तर मी पेढे वाटीन. पण आई पोटाच्याच दुखण्याने गेली. शेवटी शेवटी तिच्या खोलीत जायची मला भीती वाटायची. ती बाई बोलायला लागली आणि त्या खोलीचा वास नाकात आला. व्हिडिओ अर्ध्यावर बंद केला तर दुपारी पुन्हा तीच. मशीनवर बसले तरी तीच. भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

शेवटी बोटाने कुठेकुठे दाबत बसले तेव्हा एक बटण सापडलं, ‘स्वारस्य नाही’. स्वारस्य म्हणे! सरळ ‘नको’ म्हणावं की. तिचा दिसेल तो व्हिडिओ दाबून टाकला. मग मोबाईलनेच विचारलं, हिचं काहीच दाखवू नको का? म्हटलं, नको रे बाबा, नको.

१८ फेब्रुवारी

चष्मेवाली गेली. तिच्यासारखे आणखी दोघंतिघं तपासणी तपासणी करत येत होते, त्यांनाही वाट दाखवली. आता दिवसभर हसरे डॉक्टर. त्यांचा एक व्हिडिओ बघितला की अंगठा वर करून दाखवते, बिचाऱ्यांना बरं वाटत असेल. मोबाईल फार शहाणा आहे. आमच्या घरात एवढ्या लवकर कोणी ऐकत नाही.

कोबीचा रस सुरू केला आहे. चव सांगण्यात अर्थ नाही. एक पेला ह्यांनाही दिला. वाटलं होतं नाक मुरडतील, पण मुकाट्याने प्यायले आणि आणखी आहे का विचारलं.

ह्यांचं हल्ली बरंच काही सुधारलंय. आपले कपडे आपण धुतात. एवढा संसार झाला, कधी रुमाल पिळला नव्हता, आता सकाळी मी उठायच्या आत पँट वाळत घातलेली असते. देर आए दुरुस्त आए. पट्ट्यालाही एक नवं भोक पाडून घेतलंय. मी म्हटलं, बघा, तिखट कमी केल्याचा गुण.

पोट: फुगलेलं, पण कमी.

२ मार्च

आज मेले लाजेने.

नव्या घराच्या पडद्यांसाठी एक शिक्षिकाबाई आल्या होत्या. नीटनेटक्या, जपून बोलणाऱ्या. अस्तराचे घ्यावेत की बिनअस्तराचे, यावर त्यांचं ठरेना, म्हणून ह्यांनी मोबाईल गल्ल्यावर ठेवून बसवलेल्या पडद्यांचे व्हिडिओ दाखवायला घेतले. आम्ही तिघं वाकून बघतोय आणि मधेच जाहिरात. बाप्याचं चित्र, पाठमोरं, आणि मोठा आवाज: शौचातून रक्त जातं? लाजू नका, घरबसल्या मुळापासून बरे व्हा.

बाई भिंतीकडे बघायला लागल्या. ह्यांनी मोबाईल झडप घालून उचलला, नेट गेलं म्हणाले आणि मागे कापडाच्या ताग्यांकडे निघून गेले. मी बाईंना काय सांगितलं मला आठवत नाही. त्यांनी बिनअस्तराचे घेतले.

माझ्या पोटाचं रडगाणं माझ्या मोबाईलने ह्यांच्या मोबाईलला सांगितलं असणार, आणि ह्यांच्या मोबाईलने गिऱ्हाइकाला. ह्याला चोंबडेपणा म्हणतात. पण हे किती समजूतदार! त्यांना कळलंच असणार की हे माझ्यामुळे आलं, तरी एका शब्दाने विचारलं नाही. कान मात्र लाल झाले होते. माझ्यासाठी माणसाला एवढी लाज वाटावी, मला भरून आलं.

११ मार्च

हसऱ्या डॉक्टरांचं चूर्ण मागवलं होतं, ते आलं. आणि चार दिवसांनी तसाच दुसरा डबा! मी एकच मागवला होता. पत्ता दुकानाचा, नंबर दुकानाचा, सगळं बरोबर. कंपनीचा गोंधळ. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी ठेवून घेणार होते, पण हे म्हणाले दुसऱ्याचं आपल्याला नको, मी परत करून टाकतो. घेऊनही गेले. असा सचोटीचा माणूस आता शोधून सापडायचा नाही.

चूर्ण मागवताना बरीच माहिती भरावी लागली. वय, वजन, त्रास कधीपासून, घरात कोणाला काय झालं होतं. आईचंही लिहिलं. लेकीलासुद्धा मी ते कधी नीट सांगितलेलं नाही. पडद्यावर विचारलं की सांगायला सोपं जातं, समोर तोंड नसतं ना.

२० मार्च

घरात काहीतरी बिनसलंय.

वसतिगृहाचे पडदे आखूड झाले. एक खिडकी नाही, आख्खी रांग. ह्यांनी दिलेली मापं. हे टेप न लावता खिडकी सांगणारे, आणि सगळ्या मापांत वीतभर कमी! मी बरंच बोलले. एरवी उलट दोन शब्द ऐकवतात, आज नुसते स्टुलावर बसून राहिले. मग म्हणाले, वरच्या मजल्यांचं काम यापुढे घ्यायचं नाही. का? जिने फार झाले. म्हटलं, पडदे काय फक्त तळमजल्यावर लावतात लोक?

आणि मोबाईल. न्हाणीघरात मोबाईल, जेवताना मोबाईल, मी जवळ गेले की तो पालथा. काल दुकानाचा फोटो बघायला म्हणून हातात घेतला तर कुलूप. आम्ही कपाटालाही कधी कुलूप लावलं नाही. विचारलं तर म्हणाले, दुकानात दहा माणसं येतात. त्या दहात मी आहे का, हे विचारायचं होतं, विचारलं नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवणारा हा माणूस नव्हे. मग काय लपवतोय? त्या शिक्षिकाबाईंचा फोन दोनदा येऊन गेला. मला माझीच लाज वाटते, पण लिहिते, कारण इथे खोटं लिहून उपयोग नाही. आज मला त्या बाईंचा राग आला.

मीही माझ्या मोबाईलला कुलूप लावलं. फिट्टंफाट.

२१ मार्च

शिक्षिकाबाईंचा फोन अस्तराचाच होता. त्यांना आता अस्तर हवंय.

६ एप्रिल

अक्षर येईल तसं येवो.

दुपारी हे शिक्षिकाबाईंकडे रॉड बसवायला गेले होते. वरचा मजला, पण कबूल केलेलं काम. मी मशीनवर. दुकानाचा फोन वाजला. मुलगी, गोड आवाज.

“साहेब आहेत का? त्यांचा मोबाईल लागत नाही.”

म्हटलं बाहेर गेलेत, काय काम?

“चूर्णाबद्दल विचारायचं होतं. साहेबांचं रक्त जायचं थांबलं का? थांबलं नसेल तर त्यांना मोठा कोर्स घ्यावा लागेल.”

मी म्हटलं, बाई, चुकीचा नंबर. चूर्ण माझं आहे, आणि मला रक्त नाही. ती म्हणाली, तुमचं वेगळं आहे, या पत्त्यावर दोन ऑर्डर आहेत. मग साहेबांचं वय सांगितलं, वजन सांगितलं, आणि पावसाळा संपल्यापासून रक्त जातंय असं त्यांनी स्वतःच भरलंय म्हणाली. पडद्याला कडी लावायची की रिंग, असं विचारावं तसल्या आवाजात.

फोन ठेवला का ते आठवत नाही. दुकान उघडं टाकून गेले.

शिक्षिकाबाईंनी दार उघडलं. हे शिडीवर होते, हातात ड्रिल, पाठ माझ्याकडे. पट्ट्याचं टोक वीतभर बाहेर लोंबत होतं. पँटच्या खाली घोटे दिसत होते, ते ह्यांचे घोटे नव्हते. तोंड वळवलं तर अस्तराच्या पांढुरक्या कापडाचा रंग. माझ्यासमोर हे सगळं रोज जेवायला बसत होतं. मी काय बघत होते?

परक्या घरात काय बोलणार? मी जाऊन शिडी धरली. हे म्हणाले, तू कशाला आलीस? म्हटलं, सहज. शेवटचा स्क्रू बसेपर्यंत धरून उभी राहिले. बाईंनी पाणी दिलं, पडदे छान दिसतायत म्हणाल्या.

जिना उतरताना हे मधल्या वळणावर थांबले. उतरताना दम लागला होता, उतरताना. तिथे विचारलं.

“रक्त कधीपासून जातंय?”

ह्यांनी कठडा धरला. “कोण म्हणालं?”

“चूर्णवाली. आत्ता, दुकानाच्या फोनवर.”

हे पायरीवरच बसले. ड्रिलची पिशवी मांडीवर. मग म्हणाले, “तिला काय अधिकार माझं तुला सांगायचा?”

“तुम्हीच दिलात. तिला दिलात, मला नाही दिलात.”

मी हे ओरडून बोलले. वरचं एक दार उघडलं आणि बंद झालं. नंतर ह्यांचा हात धरून उतरवलं.

७ एप्रिल

दवाखाना. अंगात रक्तच नाही म्हणाले, उभे कसे आहात? ठेवून घेतलं. बाटलीतून रक्त चढतंय. दुर्बीण घालून आतडं बघणार आहेत. लेकीला कळवलं, ती निघाली आहे.

हे माझ्याशी बोलत नाहीत. मीही नाही.

१५ एप्रिल

गाठ आहे. तुकडा तपासून आला. आमच्या घरात जो शब्द कोणी उच्चारत नाही तो डॉक्टरांनी दोनदा उच्चारला. आतड्याचा तेवढा भाग कापून काढणार. त्यानंतर पुढचं.

डॉक्टर तरुण आहेत, शांत बोलतात. त्यांनी विचारलं, इतके दिवस का थांबलात? हे खालच्या मानेने बसले होते. मग एकदम बोलायला लागले, माझ्याकडे न बघता.

“सुरुवातीला मोबाईलवर एक बाई दिसायची. चष्मा लावणारी. ती म्हणायची वाट पाहू नका, तपासणी करा. मी दोन दिवस ऐकलं आणि ठरवलं होतं जायचं. मग ती दिसायचीच बंद झाली. दुसरा एक यायला लागला, घाबरू नका म्हणणारा. मला वाटलं, त्या मोबाईलला आपलं सगळं कळतंय. मी काय विचारतो, काय लिहितो. त्यालाच वाटत असेल की आता तपासणीची गरज नाही, म्हणून ती बाई बंद केली असेल.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. लेक माझ्या शेजारी होती. मी म्हटलं, मला जरा बाहेर जायचंय.

१६ एप्रिल

लेकीला विचारलं, माझ्या मोबाईलवर मी एखाद्याला नको म्हटलं तर ते बाबांच्या मोबाईलवर कसं काय दिसायचं बंद होईल? तिने आधी सरळ सांगितलं, मग माझ्या तोंडाकडे बघून तिच्या लक्षात आलं. पण सांगून झालं होतं.

“आई, खातं एक आहे ना. त्याच्या लेखी तू आणि बाबा मिळून एकच माणूस आहात.”

म्हणजे पोटाचे व्हिडिओ माझ्यासाठी आलेच नव्हते. ह्यांनी न्हाणीघरात बसून रक्ताचं विचारलं, म्हणून ते माझ्या मशीनपर्यंत आले. मी ते माझे समजून छातीशी धरले. मला भीती वाटली, म्हणून मी ह्यांचा दरवाजा लावून घेतला. चष्मेवालीला मी हाकललं. हसऱ्याला मी अंगठा दाखवून दाखवून वर बसवलं. कोबीचा रसही मीच पाजला.

लेक म्हणते, आई, तुला काय माहीत होतं. खरं आहे, माहीत नव्हतं. पण नवरा माहीत असायला हवा होता. पँट वाळत घालणारा, पट्ट्याला भोक पाडणारा, जिन्याला घाबरणारा नवरा. तो मला दिसला नाही, आणि जे मला कोणी दाखवलंही नव्हतं ते मात्र सगळं दिसलं.

डॉक्टरांना एकटीने गाठलं. म्हटलं, फेब्रुवारीत आले असते तर? ते म्हणाले, गाठ लहान असती. किती लहान ते मला सांगता येणार नाही, आणि आज ते धरून बसून ऑपरेशन सोपं होणार नाही. चांगला माणूस आहे. पण ‘लहान असती’ हे म्हणालाच.

१९ एप्रिल

लेक म्हणते, ऑपरेशन होईपर्यंत बाबांना सांगू नकोस. त्यांचं मन खचेल. बरोबर आहे.

पण हे बरे झाले तर मी म्हणेन आता कशाला, आणि बरे नाही झाले तर कोणाला सांगू? आणखी एक गोष्ट लपवली तर आमच्यापेक्षा ती चूर्णवाली बरी, तिच्याकडे निदान दोघांचं खरं आहे.

२२ एप्रिल

सांगितलं.

उद्या सकाळी ऑपरेशन. लेक खाली औषधं आणायला गेली होती. हे उशीला टेकून बसले होते. म्हटलं, ती चष्मेवाली मी घालवली. ह्यांना कळेना. मग पहिल्यापासून सांगितलं, बटण, खातं, अंगठा, सगळं. मधे थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून भरभर सांगितलं. हे ऐकत राहिले. चादरीची कड बोटात धरून उलगडत होते, टीप बघावी तशी.

“तुला तिची भीती का वाटली?”

“आईसारखं होईल म्हणून. माझंही पोट बिघडलंय. डिसेंबरपासून.”

“मला नाही सांगितलंस.”

“तुम्ही दुकान बंद केलं असतंत.”

“केलं असतं,” हे म्हणाले.

एवढंच. मग भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी पाय चेपायला गेले तर पाय ओढून घेतले. लेक आली, तिच्याशी बोलले, तिच्या हातून चार घोट पाणी प्यायले. माझ्याशी नाही. मी बोलायला नको होतं की बोलायला उशीर केला, आता मला काही कळत नाही. झोपलेत की नुसते डोळे मिटलेत तेही कळत नाही, आणि पूर्वी मला कळायचं.

२३ एप्रिल

दवाखान्यात, खालच्या मजल्यावर, बाकावर बसून.

सकाळी नेलं. ढकलगाडीबरोबर मी एका बाजूने चालत होते, लेक दुसऱ्या. हे छताकडे बघत होते. मोठ्या दारापाशी वॉर्डबॉयने सांगितलं, नातेवाइकांनी इथेच थांबायचं. मला वाटलं, असेच जातात आता. बोलल्याशिवाय.

ह्यांनी मान वळवली. माझ्याकडे बघितलं, कालपासून पहिल्यांदा. चेहरा रागावलेलाच होता, मला त्यांचा राग ओळखता येतो.

“तुझं पोट दाखवून ये,” म्हणाले. “आज. मी बाहेर येईन तेव्हा मला तू काय सांगितलंस आणि डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायचंय. तुझ्या तोंडून.”

दार बंद झालं. लेकीने मला बाकावर बसवायला बघितलं. मी म्हटलं, तू इथे थांब, आणि खाली आले. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, पेशंट कुठे आहे? म्हटलं, मीच. मग विचारलं, काय होतंय?

मोबाईलवर हे सगळं मी किती पटापट भरलं होतं. इथे तोंड उघडेना. ती मुलगी थांबली. मागच्या माणसाने चुळबुळ केली, तरी ती थांबली. मग सांगितलं, पोट फुगतं, थकवा येतो, डिसेंबरपासून आहे, आणि माझी आई याच दुखण्याने गेली म्हणून मला फार भीती वाटते. शेवटचं बोलताना रडू आलं. ती म्हणाली, बसा, डॉक्टरीणबाई बोलावतील.

माझ्या आधी अजून तिघं आहेत. वर ऑपरेशन चालू आहे. डॉक्टरीणबाईंना काय काय सांगायचं ते मनात लावून बघतेय, म्हणजे ह्यांना सांगताना काही राहून जायला नको.